सालाचा धागा : इंग्रजी-फारसी कालशब्दांच्या फलकाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

वाचनालयातलं जुनं कपाट वाळवीनं गेलं आणि पूर्वेची भिंत मोकळी झाली. ती मी मागून घेतली. गुढीपाडव्यापर्यंत तिथे एक फलक लावायचा आहे: डावीकडे इंग्रजीतले कालगणनेचे शब्द, उजवीकडे फारसीतले आणि मधे मराठी-संस्कृत. दिवस, आठवडा, महिना, वर्ष, ऋतू, वार, महिन्यांची नावं. कोणता शब्द कुठून आला ते लहान मुलालाही बोट फिरवून बघता आलं पाहिजे.

मी हायस्कूलला भूगोल शिकवतो, भाषांचा अभ्यासक नाही. पण आपण रोजनिशी लिहितो, तारीख टाकतो, हप्ता भरतो, दरमहा पगार घेतो आणि हे शब्द कुठून आले ते मुलांना कधी सांगतच नाही, ही गोष्ट फार दिवस मनात आहे. कुणाला असाच फलक करायचा असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवतोय.

आज आठ बाय चारचा कमर्शिअल प्लाय आणला, १,४५० रुपये. चौकटीच्या पट्ट्या ३८० रुपये.

१८ जानेवारी, शनिवार

पहिला खर्च वाया. टाचण्या आणल्या होत्या नव्वद रुपयांच्या, त्या प्लायमध्ये शिरत नाहीत, वाकतात. शेवटी चुका म्हणजे बारीक खिळे आणि हातोडी. सॉफ्टबोर्ड घेतला असता तर टाचण्या चालल्या असत्या, पण आमच्याकडे पावसात भिंतीला ओल येते, त्यात तो टिकत नाही.

सुरुवात सोप्या शब्दानं केली. इंग्रजी मंथ, फारसी माह, संस्कृत मास. तिन्ही एकाच मुळाचे. त्या मुळाचा अर्थ मोजणं, आपल्या ‘माप’मधला तोच ‘मा’. चंद्र हे पहिलं मापटं. फारसीत माह म्हणजे चंद्रही आणि महिनाही. इंग्रजीत मून आणि मंथ असे दोन शब्द झाले, तरी नातं ऐकू येतं.

मी मास लिहिलं आणि त्याच्यापासून माहकडे आणि मंथकडे असे दोन बाण रंगवले. भाची पुण्याहून आली होती. ती बघून म्हणाली, “मामा, बाण कशाला? माह काही मासचा मुलगा नाही. चुलत भावंडं आहेत ती.” तिचं बरोबर होतं. बाण काढला की वाटतं, संस्कृतातून फारसी निघाली आणि इंग्रजीही. तसं नाही. या भाषांची मूळ भाषा तिघींच्याही आधीची आणि ती कुणी लिहून ठेवलेली नाही. दोन्ही बाणांवर पुन्हा पांढरा रंग दिला. एक संध्याकाळ गेली.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदनानंतर पाच तास काम. आजच्या निर्णयानं पुढचं सगळं सोपं झालं, म्हणून तो सविस्तर लिहितो.

बाण रद्द. त्याऐवजी दोन रंगांचे धागे. पिवळा धागा नात्याचा: दोन शब्द एका मुळातून आपापल्या घरी वाढले. लाल धागा उसनवारीचा: एका भाषेनं दुसरीकडून शब्द उचलला. हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर फलक खोटं शिकवतो.

‘साल’ घ्या. फारसीतून मराठीत आला, तो लाल धागा. दरसाल, सालाबाद, सालगडी हे सगळे त्याचेच. आता फारसी सालच्या मागे जा. इराणचा प्राचीन सम्राट दारयवहू (डरायस) याच्या काळच्या जुन्या फारसीत तो ‘थर्द’, पारशांच्या धर्मग्रंथात म्हणजे अवेस्तात ‘सरद’ आणि संस्कृतात त्याचं भावंड ‘शरद्’. साल आणि शरद एकच! म्हणजे शरदापासून सालापर्यंत पिवळा धागा आणि सालापासून मराठीकडे लाल धागा. शरद आपल्याकडे संस्कृतातून ऋतू म्हणून राहिला आणि त्याचाच भाऊ इराणातून वर्ष होऊन घरी आला.

संस्कृतातही शरद म्हणजे वर्ष होतंच. ‘जीवेम शरदः शतम्’ म्हणताना आपण शंभर शरद मागतो, म्हणजे शंभर वर्षं. हे वाक्य कार्डावर घेतलं, कारण ते ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड.

लोकरीचा धागा आणला होता, १८० रुपये. दोन तासांत सैल पडून लोंबायला लागला. क्रोशाचा दोरा ताठ राहतो, तोच घ्या.

२ फेब्रुवारी, रविवार

मोठी चूक. इंग्रजी डे आणि आपला दिन यांना मी ठामपणे पिवळा धागा बांधला होता. अर्थ एक, सुरुवातीचा ‘द’ एक, शंका कशाला घ्यायची? पण यांचं नातं नाही. मूळ भाषेतला ‘द’ इंग्रजीत ‘ट’ होऊन येतो: दश आणि टेन, द्वि आणि टू, दंत आणि टूथ. दिनचा भाऊ इंग्रजीत असता तर तो ‘ट’नं सुरू व्हायला हवा होता. आवाज सारखा म्हणून नातं धरायचं नाही. आवाज ठरलेल्या रीतीनं बदललाय का ते बघायचं.

मग ‘ट’वाला भाऊ आहे का? आहे, आणि तो कॅलेंडरवरच आहे. ट्यूसडे. त्यातला ‘टीव’ हा जुन्या इंग्रजांचा देव. त्याचं नाव आपल्या ‘देव’ शब्दाचं सख्खं भावंड आणि देव, दिन, दिवस, द्यौ हे सगळे चकाकणाऱ्या आकाशाच्या एकाच मुळाचे. दिवसाचं मूळ इंग्रजीत डेमध्ये नाही, मंगळवारात आहे. मला हे कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

फारसीचा दिवस म्हणजे रूज, मराठीत रोज. त्याचं जुनं रूप ‘रौचह्’, अर्थ उजेड. संस्कृत रुच् म्हणजे चमकणं, तिथेच रोचक आणि रुची. इंग्रजी लाइटही त्याच मुळाचा. म्हणून रूजचा पिवळा धागा डेकडे जात नाही, लाइटकडे जातो. लाइट हा कालशब्द नाही, तरी त्याचं छोटं कार्ड केलं, नाहीतर धागा कुठे बांधणार?

मराठीकडच्या लाल धाग्याला रोजची एवढी लेकरं निघाली की एक कार्ड पुरेना: रोजी, रोजगार, रोजंदारी, रोजकीर्द, रोजमेळ, रोजनिशी.

रात्रीचं लवकर झालं. फारसी शब, संस्कृत क्षपा. इंग्रजी नाइट, संस्कृत नक्त. दोन वेगळे पिवळे धागे. ‘काल’ या शब्दाचं कार्डही सरळ जुळलं. दीरूज म्हणजे काल, त्यातला ‘दी’, यस्टरडेतला ‘यस्टर’ आणि संस्कृत ‘ह्यः’ एकाच मुळाचे.

९ फेब्रुवारी, रविवार

छपाईचा दिवस, आणि ६४० रुपये पाण्यात.

फारसी शब्द फारसी लिपीतही हवे होते. तालुक्याच्या छापखान्यात फाइल दिली. कार्डं हातात आली तेव्हा अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमानं. साल हा शब्द सीन, अलिफ, लाम असा उजवीकडून वाचायचा, त्यात सीन आणि अलिफ जोडलेले. कार्डावर लाम आधी आणि तिन्ही अक्षरं एकमेकांपासून दूर. आपल्याकडे वेलांटी आणि काना सुटे छापावेत तसंच हे. मला लिपी जेमतेम येते, म्हणून कार्डं घेऊन मी घरी आलो. भाचीनं फोटो बघितल्यावर लक्षात आलं.

कारण साधं आहे. तिथल्या मांडणीच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी, तिला उजवीकडून डावीकडे लिहिणं येत नाही. उपाय: शब्द साध्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करायचे, अक्षरांचं चित्र करून घ्यायचं आणि ते चित्र असलेली पीडीएफ छापखान्यात द्यायची. फाँटच नाही म्हटल्यावर बिघडायला काही उरत नाही.

दुसरी सूचना: कीबोर्ड फारसी निवडा, अरबी नको. पे, चे, झे, गाफ ही चार अक्षरं अरबीत नाहीत. पंजशंबेचा पे आणि चहारशंबेचा चे टाइपच होईना तेव्हा हे कळलं. दुसरी छपाई ७२० रुपये.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आठवडा. फारसी हफ्ते, हफ्त म्हणजे सात. आपल्या सप्तचा ‘स’ इराणी भाषांत ‘ह’ होतो, जसा सिंधूचा हिंदू झाला. म्हणून हफ्त, सप्त, इंग्रजी सेव्हन आणि लॅटिन सेप्टेम हे सगळे एका पिवळ्या धाग्यावर. धागा थेट सप्टेंबरपर्यंत नेला. सप्टेंबर नववा असून सातवा का, हे मुलं विचारणारच: रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. इंग्रजी वीकचा सातशी संबंध नाही. त्याचा मूळ अर्थ पालट, वळण, पाळी.

लाल धाग्यानं मराठीत आलेला हप्ता आता आठवड्यापेक्षा कर्जफेडीचा जास्त झाला आहे. त्या कार्डाखाली मी दोन्ही अर्थ दिले.

वारांत चुकलो. यक म्हणजे एक, म्हणून यकशंबे आठवड्याचा पहिला वार, म्हणून सोमवार, असं धरून पाच कार्डं लावली. सगळी एकेक घर पुढे सरकली. खरं असं: शंबे म्हणजे शनिवार, इराणात आठवडा तिथे सुरू होतो. शनिवारनंतरचा पहिला तो यकशंबे, म्हणजे रविवार. दोशंबे सोमवार, सेशंबे मंगळवार, चहारशंबे बुधवार, पंजशंबे गुरुवार. शुक्रवारला अरबी जुम्आ. पडताळा हवा तर ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे लक्षात ठेवा. सोमवारच्या बाजारावरून त्या गावाचं नाव पडलं. आमच्याकडे बाजाराच्या वारावरून गावं ओळखतात, म्हणून मुलांना हे लगेच पटलं.

शंबे हा शब्द सेमिटिक भाषांतून आलेला, ज्यूंच्या सब्बाथचाच. बाकी इंग्रजी वारांत टीव, वोडन, थोर आणि फ्रिग हे देव, आणि ते आपल्या मंगळ, बुध, गुरू, शुक्र यांच्याच जागी बसतात, कारण दोन्हींच्या मागे ग्रहांवरून वार ठरवायची एकच पद्धत. शनिवारला तर इंग्रजीनं रोमन शनी तसाच ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

या कार्डासाठी सगळा फलक केला असता तरी चाललं असतं.

इंग्रजी इअरचं भावंड शोधत होतो. ग्रीकमध्ये सापडतं: ‘होरा’, म्हणजे ऋतू, वेळ. तोच लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत अवर होऊन आला. म्हणजे इंग्रजीत वर्ष आणि तास एकाच मुळाचे, एक घरचा आणि एक उसना. आपल्या ज्योतिष्यांची होराही त्या ग्रीक होराच्याच लाल धाग्यावर. अवेस्तात वर्षासाठी ‘यार’ होता. पण आजच्या फारसीत वर्ष म्हणजे साल. मग जुन्या फारसीत हा ‘यार’ कुठे दिसतो?

पर्सेपोलिस या इराणच्या प्राचीन राजधानीत दक्षिण भिंतीवर दारयवहूचा एक लेख आहे. त्यात तो अहुरमज्दा या देवाकडे मागतो की या देशाला तीन गोष्टींपासून वाचव: शत्रूचं सैन्य, खोटेपणा आणि ‘दुशियार’. दुश् म्हणजे वाईट आणि यार म्हणजे वर्ष. वाईट वर्ष. दुष्काळ.

माझं गाव माण तालुक्यातलं. दुष्काळ हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण तो फोडून बघा: दुस् आणि काळ, वाईट काळ. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या पठारावरही तोच उपसर्ग लावून, तशाच बांधणीनं, त्याच संकटाला नाव दिलं होतं. आणि त्या शब्दाच्या मागच्या अर्ध्या भागात इंग्रजांचा इअर बसलेला आहे. दुस् आणि दुश् यांना पिवळा धागा, यार आणि इअर यांना पिवळा धागा. काळला मात्र धागा नाही, तो वेगळा शब्द. अर्धं नातं, अर्धं नाही, आणि कार्डावर ते तसंच दाखवलं.

हे कार्ड छापलं नाही. बोरूनं, हातानं लिहिलं.

२ मार्च, रविवार

ऋतू. दोन रंग पुरले नाहीत. फारसीतले बरेच कालशब्द मूळचे अरबी: तारीख, फसल, वक्त, मुदत. त्यांना फारसीचं म्हणणं चूक आणि वगळणं त्याहून चूक, कारण मराठीत ते फारसीच्या हातूनच आले. म्हणून तिसरा हिरवा धागा, अरबीपासून फारसीपर्यंत. तारीखचं सेमिटिक मूळही चंद्राच्या, महिन्याच्या शब्दाशी जोडलेलं. इंग्रजी डेट मात्र लॅटिन ‘दिलेलं’ यावरून, कारण रोमन पत्रात ‘अमुक दिवशी, अमुक गावी दिलं’ असं लिहीत.

हिरव्या धाग्याचा सगळ्यात लांब प्रवास मौसिमचा. अरबीत ठरलेला काळ, हंगाम. समुद्रावरच्या लोकांकडून तो पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजीत मॉन्सून झाला. आपले मोसमी वारे त्याच शब्दाचे. भूगोलाच्या तासाला मी वीस वर्षं ‘मोसमी’ आणि ‘मॉन्सून’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत आलो आणि ते एकच आहेत हे एकदाही सांगितलं नाही. याची आज खंत वाटली.

इंग्रजी सीझनचा मूळ अर्थ पेरणी. आपला हंगाम फारसी हंगामचा. जमिस्तान म्हणजे हिवाळा, त्यात हिम आणि हेमंत. ताबिस्तान म्हणजे उन्हाळा, त्यात ताप. इंग्रजी समरचं भावंड संस्कृत ‘समा’ आणि तिचा अर्थ वर्ष. ईशोपनिषदात ‘शतं समाः’ जगण्याची इच्छा धरावी असं म्हटलंय. वेदांत ‘शतं हिमाः’सुद्धा येतं, शंभर हिवाळे. जुन्या इंग्रजीतही वय हिवाळ्यांत मोजत. आणि आपलं वर्ष तर उघडच पावसाचं. जो ऋतू डोळ्यांत भरला त्यावरून माणसांनी अख्खं वर्ष मोजलं.

बहार म्हणजे वसंत, दोघांचं मूळ एक. हे कार्ड लावताना डाळिंबवाले अण्णा आले होते. म्हणाले, “बहार फक्त वसंतात कसा? आमचा आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात.” शब्दाचा प्रवास दाखवणारं यापेक्षा चांगलं उदाहरण मला कुठल्याही कोशात मिळालं नसतं. तीन बहारांची तीन छोटी कार्डं केली आणि अण्णांच्याच हातानं चुका ठोकून घेतल्या.

९ मार्च, रविवार

लाल धागे एकदा तपासले. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी कोशात फारसी-अरबी शब्दांपुढे खुणा आहेत आणि माधव जूलियन म्हणजे पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश १९२५चा. दोन्हींत बघितल्याशिवाय लाल धागा बांधायचा नाही, असा नियम केला. चार धागे सोडवले.

योगायोग असा की इराणची आजची सौर दिनदर्शिकाही १९२५च्याच कायद्यानं आली आणि जुनी इराणी महिन्यांची नावं पुन्हा सरकारी झाली. इंग्रजी महिने रोमन देवांचे, राज्यकर्त्यांचे आणि आकड्यांचे. इराणी महिने जरथुष्ट्री देवतांचे आणि गुणांचे, आणि त्यांत आपल्याला ओळखीची माणसं भेटतात. मेहर म्हणजे मित्र, सूर्याचं नाव असलेला तोच. आबान म्हणजे आपः, पाणी. शहरीवरच्या पहिल्या भागात क्षत्र, बहमनमध्ये मनस्.

मोरदादनं अडवलं. एका मुलानं विचारलं, “सर, मुर्दामधलं का हे?” मूळ एकच, मृ म्हणजे मरणं, पण अर्थ नेमका उलटा. अवेस्तात ती ‘अमरतात्’, अमरत्व. पुढे सुरुवातीचा ‘अ’ गळाला आणि अमरत्वाच्या महिन्याला मरणाचं नाव आलं. म्हणून इराणात कित्येक जण आजही आग्रहानं अमोरदाद म्हणतात. मुंबईहून मेहुण्यानं शेजारच्या पारशी आजींच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. त्यात स्पष्ट ‘अमरदाद’. इराणातून निघताना पारशांनी तो ‘अ’ सोबत आणला आणि सांभाळला. कार्डावर दोन्ही रूपं दिली, ‘अ’ लाल शाईत.

भूगोलाची एक गोष्ट राहवली नाही. इराणचे पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, मिळून १८६. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही (२२ मार्च १९५७ पासून) वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे. कारण एकच: जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि हळू चालते, म्हणून वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंतचा काळ मोठा.

१६ मार्च, रविवार

चौकट ठोकली, वॉर्निशचा हात दिला. शुहूर सनाचं कार्ड शेवटी बसवलं. जुन्या मराठी कागदांत तो सापडतो, आकडे अरबी शब्दांत: इसन्ने, सलास, अर्बा, खमस. शुहूर म्हणजे अरबीत महिने. वर्ष मात्र सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. नाव अरबी, साल फारसी, मृग आपला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. या एका कार्डाला तिन्ही रंगांचे धागे लागले.

२१ मार्च, शुक्रवार

आज इराणात १ फरवरदीन १४०४, नवरोज. ‘नव’ आणि ‘रोज’ दोन्हींचे धागे फलकावर आहेत. संध्याकाळी फलक भिंतीवर चढवला. पाच जण लागले.

खर्च: प्लाय १,४५०, पट्ट्या ३८०, छपाई ६४० आणि ७२०, क्रोशाचा दोरा २४०, चुका ६०, रंग-वॉर्निश ३५०, लोकर १८०, टाचण्या ९०. एकूण ४,११०. यातले ९१० टाळता आले असते. वेळ अंदाजे सत्तर तास, त्यातले पंधरा तास चुका दुरुस्त करण्यात.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी गुढीनंतर वाचनालय उघडलं. आमच्या भागात सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. असाच एक जण जुन्या मालकाचा हिशेब करून नव्याकडे जायच्या आधी आत आला आणि सालाच्या धाग्यावर बोट ठेवून शरदापर्यंत गेला. मग विचारलं, “म्हंजी त्या लोकांचं साल सुगीला मोजायचं व्हय?” मी म्हणालो, शब्द तरी त्याच दिवसांचा आहे.

‘सालगडी’ हे नाव मी सालाच्या कार्डाखाली बारीक अक्षरात, यादीत टाकलं होतं. दुपारी त्याचं वेगळं कार्ड लिहिलं, एक चूक ठोकली आणि लाल धागा ओढला. कोपऱ्यात अजून सहा-सात कार्डांची जागा आहे.